गळा झाकणारी माळ

मी माळ बोलते आहे. वास्तविक बोलायचे ते गळ्याने. परंतु ज्या दोन गळ्यांची मी सोबत केली, त्या दोन्हींना पूर्वीसारखे बोलता येईनासे झाले, म्हणून हे काम माझ्याकडे आले. बोलताना माझ्याने मान वर करवत नाही, एवढे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म भर महासागरातल्या रोंगेलाप नावाच्या बेटावरचा. ओहोटीला प्रवाळाच्या कड्याने वेढलेल्या आतल्या समुद्राचे पाणी मागे हटले, की नेइबेन नावाची बाई आपल्या घोळदार झग्याचा ओचा करून खडकावर बसे आणि बारीक शंख वेचीत असे. ती फार चोखंदळ. ज्याचे टोक मोडले, ज्याचा रंग उडाला, तो शंख ती पुन्हा पाण्यात टाकी. निवडलेले शंख वाळूत पुरून ठेवी. आतला जीव मुंग्या नेत. मग ते धुऊन, दाभणाने भोके पाडून, झाडाची साल पिळून केलेल्या धाग्यात तिने मला ओवले. दोन पदर, प्रत्येक शंख शेजारच्या शंखाला बेताने टेकलेला, आणि लांबी छातीवर रुळेल इतकी. मला स्वतःचा अभिमान वाटावा, असेच ते काम होते. आणि तो मला वाटला.

नेइबेनने मला आपल्या भाचीसाठी केले होते. लिबोन तिचे नाव. नाताळात आमच्याकडे प्रत्येक वस्तीची मंडळी गात, नाचत चर्चमध्ये येतात, आणि कोणाची मंडळी सरस ठरली यावर पुढचा नाताळ येईपर्यंत वाद चालतो. आमच्या मंडळीत बायकांचा वरचा सूर लिबोन लावीत असे. तिचा सूर छपराच्या पत्र्याला लागून मग खाली येतो, असे म्हातारे म्हणत. सूर उचलण्याआधी तिचा श्वास भरला, की तिच्या छातीबरोबर मीही वर उचलली जाई. त्या दिवसांत मला वाटे, तो सूर आम्ही दोघी मिळूनच लावतो.

आमच्या बेटावर राख पडली ती माझ्या जन्माआधी. शंख वेचता वेचता बायका तिच्याविषयी बोलत, तेवढेच मला ठाऊक. त्या पहाटे पश्चिमेकडे सूर्य उगवल्यासारखा उजेड झाला, आणि दुपारी आकाशातून पांढरे काहीतरी खाली येऊ लागले. नीरफणसाच्या पानांवर पडले, वाळत घातलेल्या मासळीवर पडले, पिण्याच्या पाण्यात पडले. मुलींनी ते ओंजळीत घेतले. लिबोन तेव्हा परकरी वयाची. तिने ते केसांना चोळले आणि मैत्रिणीला म्हणाली, "बघ, मी म्हातारी झाले!" संध्याकाळपर्यंत अंगाची आग होऊ लागली. पुढे मूठमूठ केस हातात आले. अमेरिकनांनी दूर कुठेतरी बॉम्बची परीक्षा घेतली होती. वारा आमच्या दिशेचा होता. सगळ्यांना जहाजातून नेले, आणि काही वर्षांनी 'बेट आता स्वच्छ आहे' असे सांगून परत आणून सोडले. त्या स्वच्छ बेटाच्या खडकावरची मी.

दरवर्षी डॉक्टरांचे जहाज येई. बायकामुले रांगेत बसत, आणि डॉक्टर एकेकीच्या गळ्यावर थंड बोटे फिरवीत. फिरवून झाली की पुढची. डॉक्टरांपैकी कोणाची मान खाली गेलेली मी पाहिली नाही. मान खाली घालायची ती आमच्या बायकांनी. लिबोनला रोजिना झाली ती धडधाकट. पण तिच्या आधी एकदा आणि नंतर एकदा जे जन्मले, त्याला बाळ कसे म्हणावे, हे सुईणीलाही कळले नाही. काचेसारखे आरपार दिसणारे अंग, आत हाडांचा पत्ता नाही. एकदा हलले आणि थांबले. लिबोनने ते चटईत गुंडाळून स्वतःच पुरले. नवऱ्याकडची माणसे म्हणाली, "ही कुठे शेण खाऊन आली, देव जाणे." तिने उत्तर दिले नाही. त्या काळात कोणीच उत्तर देत नसे, कारण कोणती शेजारीण काय पुरून आली आहे, हे एकीचे दुसरीला ठाऊक नव्हते. प्रत्येकीला वाटे, हे आपल्याच पापाचे आहे.

रोजिना शाळेत जाऊ लागली, त्या सुमारास एका डॉक्टरची बोटे लिबोनच्या गळ्यावर थांबली. गाठ होती. तिला अमेरिकेला नेले आणि गळा कापून गाठ काढली. परत आली तेव्हा गळ्याच्या खळगीच्या वर, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत एक लाल रेघ होती, आणि जन्मभर रोज घ्यायची एक गोळी होती.

नाताळाची तालीम सुरू झाली. लिबोनने मला घातले, श्वास भरला, मी उचलली गेले, तिने तोंड उघडले. आणि नुसता वारा आला.

"खोबरं अडकलं का गं घशात?" शेजारची एक जण हसून म्हणाली.

लिबोनने पुन्हा तोंड उघडले. पुन्हा वारा. तिसऱ्या वेळी खाली कुठेतरी एक घोगरा सूर सापडला, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा. पुरुषांच्या रांगेतला एक म्हातारा ओरडला, "इकडे ये पोरी! दाढी फुटली, की आमच्याकडेच बसायचं असतं!"

सगळे हसले. लिबोनही हसली, उठली आणि खरोखरच पुरुषांच्या रांगेत जाऊन बसली. त्या नाताळात ती खालच्या पट्टीत गायली. घरी येऊन तिने माझा धागा दातांनी तोडला.

मला वाटले, मी आता संपले. पण तिने माझे शंख चटईवर ओतले आणि मासेमारीची तंगूस घेऊन पुन्हा ओवायला बसली. दोनांचे अनेक पदर केले. लांबी मात्र काढून टाकली. तुमच्याकडे ठुशी गळ्याशी बसते, तशी मी तिच्या गळ्याशी घट्ट बसले. बरोबर त्या रेघेवर. आरशात तिने मला इकडून तिकडून तपासले. मी किती शोभते, हे ती पाहत नव्हती. रेघ कोठे दिसते का, एवढेच पाहत होती.

दागिना होते, ती मी झाकण झाले. लाज म्हणजे काय हे मला त्या आरशात कळले.

पुढे आम्ही राजधानीच्या बेटावर, माजुरोला राहायला आलो. माजुरोला सगळ्या बेटांची माणसे एकमेकांना लागून राहतात, आणि ओळख झाली की पहिला प्रश्न असतो, "तुम्ही कुठले?" लिबोनने आरंभी खरे उत्तर दिले. मग चर्चमधल्या बाकावर शेजारची बाई सरकून बसू लागली. तिने नेलेल्या थाळीतले अन्न तसेच उरू लागले. एकीने तर आपल्या मुलाला स्पष्टच सांगितले, "त्या पोरीशी खेळू नकोस रे, विषाच्या बेटावरची आहे ती." लिबोनचा नवरा त्या सुमारास वारला. त्यानंतर ती वस्तीच बदलून दुसऱ्या टोकाला गेली आणि रोजिनाला तिने बजावले, "कुणी विचारलं तर आम्ही लिकिएप बेटाचे."

"आणि कुणी तुझ्या गळ्याचं विचारलं तर?"

"गळ्याचं कोण विचारतंय? माळ आहे ना."

रोजिना बावीस-तेवीस वर्षांची झाली. बोटींची इंजिने दुरुस्त करणाऱ्या लाजुन नावाच्या मुलावर तिचे मन बसले. मुलगा सरळ. त्याची माणसे आयलुक बेटावरची. त्याची आई मुलगी बघायला येणार असे ठरले, तेव्हा रोजिना म्हणाली, "आई, मी लाजुनला खरं सांगू का?"

"लग्नानंतर सांग."

"पण मग तो म्हणेल, फसवलं."

"म्हणेल. पण तेव्हा तू त्याच्या घरात असशील." लिबोनने मला चाचपून पाहिले. "एवढं एक लग्न होऊ दे माझ्या आई. मग हा गळा मी चव्हाट्यावर मांडीन."

लाजुनची आई टोमिए. तिचे हसणे दोन घरे पलीकडे ऐकू जाई. ती आली तीच बोलत बोलत आली, चटईवर ऐसपैस बसली, आणि भाजलेला नीरफणस तोंडात टाकून म्हणाली, "लिबोनबाई, हा कुणी भाजला? लेकीनं?"

"हो, तिनंच."

"मग हिला मी आजच घेऊन जाते! आमच्याकडचा नीरफणस म्हणजे एका बाजूनं कोळसा आणि दुसऱ्या बाजूनं दगड. माझ्या हातचं खाऊन लाजुनचे बाबा अजून जिवंत आहेत, ही देवाची कृपा."

रोजिना हसू दाबीत म्हणाली, "पण मावशी, लाजुन म्हणतो, तुमच्यासारखं कुणी भाजत नाही."

"म्हणणारच! त्याला अजून माझ्याच घरी जेवायचंय." टोमिए स्वतःच्याच विनोदावर इतकी हसली, की अंगणातली कोंबडी उडाली. मग डोळे पुसत तिने विचारले, "तुम्ही लिकिएपचे ना? माझी एक मावसबहीण दिली आहे तिथं. तुमचं घर कुठल्या बाजूला?"

"आम्ही फार लहानपणी निघालो तिथून," लिबोन म्हणाली, आणि माशाची थाळी पुढे सरकवली. "हे घ्या ना. काहीच घेत नाही तुम्ही."

"काहीच घेत नाही? तीन माणसांचं खाल्लं मी!"

सगळे जमून आले होते. टोमिएला मुलगी आवडली होती, घर आवडले होते, मासा आवडला होता. ती खुशीत होती, आणि माणूस खुशीत असले की त्याची जीभ सैल सुटते. तिची नजर माझ्यावर आली. पुढे वाकून ती म्हणाली, "अगबाई! काय सुंदर माळ आहे हो!"

आमच्याकडे एखाद्याच्या वस्तूचे त्याच्या तोंडावर कौतुक केले, की त्याने ती काढून हातावर ठेवायची असते. न ठेवणे म्हणजे आपण कृपण, आणि पाहुणा मागणारा, असे दोन्ही एकदम म्हटल्यासारखे होते. म्हणून जाणती माणसे दुसऱ्याच्या घरात स्तुती जपून करतात. टोमिए जाणती होती, पण त्या क्षणी विसरली. आणि मी? कित्येक वर्षांत कोणी मला सुंदर म्हटले नव्हते. मी उजळून निघाले. पुढचा श्वास लिबोनने घेतलाच नाही, हे माझ्या ध्यानात आले तेव्हा माझा आनंद माझ्याच अंगावर आला.

टोमिएलाही चूक कळली. "अहो, राहू द्या, राहू द्या! मी आपलं सहज म्हटलं."

रोजिना तीरासारखी उठली आणि आतून नवी विणलेली चटई घेऊन आली. "मावशी, ही घ्या! ही तर त्याहून चांगली आहे. त्या माळेची तंगूस जुनी झाली आहे, तुटायला आली आहे."

"नको गं बाळ, काहीच नको. माझी जीभच चाबरी."

एवढ्यावर निभावून गेले असते. टोमिएने दार उघडे ठेवले होते. त्यातून लिबोनला सहज निसटता आले असते. परंतु पाहुणीने शब्द मागे घ्यावा आणि यजमानिणीने तो घेऊ द्यावा, असे लिबोनच्या घराण्यात कधी झाले नव्हते. रोंगेलाप सांगायचे तिने सोडले होते. रोंगेलापची रीत सोडणे तिला जमले नाही. तिचे हात मानेमागे गेले. गाठ सुटली. तिने मला दोन्ही हातांवर घेतले, पुढे झाली, आणि रीतीप्रमाणे स्वतःच टोमिएच्या गळ्यात बांधू लागली.

बांधण्यासाठी जवळ यावे लागते. टोमिएच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर ती रेघ आली.

गाठ बसली, आणि लिबोन मागे सरकली.

"तुम्ही लिकिएपच्या नाही," टोमिए म्हणाली.

"नाही. रोंगेलापच्या."

"आणि ही?"

"तिथंच जन्मली."

टोमिएच्या हातात नीरफणसाचा तुकडा होता. तो तिने थाळीत परत ठेवला, अगदी हळू, आवाज होऊ न देता. मग बोटे झग्याला पुसली. ती दुष्ट बाई नव्हती. मी पुढे तिच्या घरी राहिले आहे, मी सांगू शकते. ती घाबरली होती. लिबोनच्या गळ्याकडे पाहायचे नाही, आणि दुसरीकडे कोठे पाहावे हे सुचत नाही, अशी ती उठली.

"बरंय तर. लाजुनचे बाबा वाट बघत असतील."

दारात रोजिना आडवी झाली. "मावशी, मी बरी आहे. मला काही झालेलं नाही."

"नसेलच गं बाळ," टोमिए म्हणाली, आणि तिचा हात रोजिनाच्या गालापर्यंत येऊन तसाच मागे गेला. "पण पुढच्याचं कोण सांगणार?"

टोमिएच्या गळ्यात बसून मी त्या घरातून बाहेर पडले. मागे लिबोन उघड्या गळ्याने उभी होती.

टोमिएच्या नवऱ्याने दारातच विचारले, "हे कुठून आणलंस?" तिने सांगितले. तो म्हणाला, "घरात नको." तिने मला साबणाने धुतले. वाळवले आणि पुन्हा धुतले. मग स्वयंपाकाच्या पडवीबाहेर एका खिळ्याला अडकवले. टाकून देता येईना, कारण दिलेले टाकणे पाप. घालता येईना, कारण मी त्या गळ्याची. येणारीजाणारी मुले माझ्याकडे बोट दाखवीत आणि हात न लावता पळत.

लाजुन आला तो रागाने लाल होऊन.

"माळ ठेवून घेतलीस आणि मुलगी नको म्हणालीस?"

"दिलेली माळ परत करता येत नाही रे."

"मग दिलेला शब्द परत करता येतो?"

"शब्द दिला नव्हता मी. नीरफणस खाल्ला होता फक्त." टोमिएने हसण्याचा प्रयत्न केला, तो जमला नाही. "अरे, तिच्या पोटी काय जन्मेल, ठाऊक आहे तुला?"

"तुझ्या पोटी काय जन्मलं होतं, माझ्या आधी?"

टोमिएच्या हातातले भांडे खाली आले.

"आजीनं सांगितलंय मला," तो म्हणाला. "तू ते कुठं पुरलंस, तेही सांगितलंय."

"ते वेगळं होतं," टोमिए म्हणाली. "आम्ही आयलुकचे आहोत. आमच्याकडे काही झालं नव्हतं."

लाजुन थोड्याच दिवसांत मालवाहू जहाजावर नोकरी धरून निघून गेला. त्याने आईशी भांडण केले, पण रोजिनाकडेही तो गेला नाही, हेही सांगितले पाहिजे. रोजिनाने त्याची वाट पाहिली आणि मग आपल्याच बेटाच्या एका मुलाशी लग्न केले. हे मी पडवीत बसणाऱ्या बायकांच्या तोंडून ऐकले. ऊन खाऊन खाऊन माझा रंग उतरला. नेइबेन असती तर तिने माझ्यातले निम्मे शंख पाण्यात फेकले असते.

पुष्कळ वर्षांनी टोमिएच्या हसण्याचा आवाज बसला. सर्दी असेल, असे सगळे म्हणाले. मग गिळताना दुखू लागले. होनोलुलूला नेऊन तिचा गळा कापला. परत आल्यावर पडवीत बसून ती नवऱ्याला कुजबुजत्या आवाजात सांगत होती. दुसरा आवाज तिच्याजवळ उरला नव्हता.

"डॉक्टरनं विचारलं, बॉम्बच्या वर्षी कुठं होतात? म्हटलं, आयलुकला. तर म्हणाला, मग तुमचं कारण दुसरं असेल."

"असेल मग दुसरं," नवरा म्हणाला.

"त्या दिवशी मी कपडे वाळत घातले होते हो. पीठ सांडल्यासारखं काहीतरी होतं त्यांच्यावर. मी झटकले, आणि तेच अंगात घातले. धुकं आहे, म्हणाले होते सगळे." तिने मांडीवरचा झगा झटकला. "आम्हाला जहाज न्यायला आलं नाही, म्हणून मला वाटलं, आम्हाला काही झालं नाही."

नवरा उठून आत गेला. टोमिएचा हात गळ्यावरच्या ताज्या रेघेवरून फिरला आणि मग, न पाहता, खिळ्याकडे आला. तिने मला घातले. त्याच जागी, तशीच घट्ट. तिने आरसा मागितला आणि मला इकडून तिकडून तपासले. ते पाहणे मी ओळखत होते.

काही दिवसांनी ती लिबोनकडे गेली.

लिबोन म्हातारी झाली होती. दारात बसून मासे साफ करीत होती. तिचा गळा उघडा होता. त्या दिवसापासून तिने तो पुन्हा झाकला नव्हता, असे शेजारणी म्हणत. रेघ आता पांढरी पडली होती. तिने वर पाहिले, टोमिएला ओळखले, मलाही ओळखले, आणि चटई पुढे सरकवली.

टोमिए बसली. पाऊस नाही म्हणाली. मासा महाग झाला म्हणाली. तिचा आवाज घोगरा, चिरका, मधेच तुटणारा. लिबोन सुरी थांबवून ऐकत राहिली, शब्दांकडे नव्हे, आवाजाकडे.

"रोजिना कशी आहे?" टोमिएने विचारले.

"बरी आहे. एक मुलगी आहे तिला."

"देवाची कृपा."

"तिनं तुमच्या लाजुनची वाट पाहिली," लिबोन म्हणाली. "किती, ते मी सांगणार नाही."

टोमिएने मान खाली घातली. "मी त्या दिवशी..."

आवाज तुटला, की शब्दच नव्हता, मला कळले नाही. लिबोनने सुरी पुसून बाजूला ठेवली. मग ती पुढे वाकली, माझ्याकडे पाहिले, आणि स्पष्ट, सावकाश म्हणाली, "काय सुंदर माळ आहे हो."

टोमिए थिजली. तिचे दोन्ही हात माझ्यावर आले, मला झाकायला. जिने स्तुती केली ती सूड घेते आहे की सुटका करते आहे, हे मी लिबोनच्या तोंडाकडे पाहून शोधत होते. ते तोंड मासा साफ करताना होते, तसेच होते. बहुधा तिलाही ठाऊक नसावे.

टोमिए पुष्कळ वेळ तशी बसली. मग तिचे हात मानेमागे गेले. गाठ काढायला वेळ लागला. तिने मला लिबोनच्या हातांवर ठेवले आणि डोळे मिटून घेतले.

लिबोनने मला गळ्यात घातले नाही. माशांच्या थाळीशेजारी ठेवून दिले. मग तिने आपले बोट पुढे केले आणि टोमिएच्या रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले.

"खाज येते ना अजून? खोबरेल लावत जा."

टोमिएने डोळे उघडले. "एक विचारू? आवाज परत येतो का हो?"

"नाही."

"मी हसते तेव्हा आवाज येत नाही," टोमिए म्हणाली. "नातवंडांना वाटतं, मी रडते आहे."

"वरचा येत नाही. खालचा येतो, थोडा. रविवारी चर्चला या. पुरुषांच्या रांगेत माझ्या शेजारी जागा आहे." लिबोन उठत म्हणाली. "आमच्या बेटावरचा म्हातारा मेला, नाहीतर त्यानं तुमची दाढीवरून थट्टा केली असती."

टोमिएचे खांदे हलले. आवाज आला नाही. ती हसत होती की नातवंडांना वाटे ते खरे होते, हे मी ठरवू शकले नाही. लिबोनने आतून भाजलेला नीरफणस आणून तिच्यापुढे ठेवला. टोमिए तो खाऊ लागली. जे मोडले होते ते मोडलेलेच राहिले. तेवढे दोघींना कळत होते.

आता मी लिबोनच्या घरी आहे. गेल्या आठवड्यात रोजिनाची मुलगी मला घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, ही मी घालू?"

"घाल. पण अशी नको." लिबोनने माझी तंगूस तोडली. फुटके, ठिसूळ शंख बाजूला काढले. उरलेल्यांत माजुरोच्या खडकावरचे नवे मिळवले, आणि मला पुन्हा लांब केले. छातीवर रुळेल इतकी, दोन पदरांची. नेइबेनचा नेमकेपणा त्यात नाही. जुने आणि नवे शंख शेजारी शेजारी वेगळे दिसतात. पण मी पुन्हा छातीवर आहे.

आज मुलीच्या गळ्यात मला घालून लिबोन मला नीट करू लागली. तिची बोटे माझ्यापाशी फार वेळ थांबली नाहीत. ती वर सरकली, गळ्याच्या खळगीत, आणि तिथे हलके हलके दाबीत फिरू लागली. डॉक्टर फिरवीत, तशी.

"आजी, गुदगुल्या होतात!"

"हलू नकोस. माळ सरळ करते आहे."

मी सरळच होते. मुलीने श्वास भरला, आणि मी वर उचलली गेले. जे कोणी माझे बोलणे ऐकत असाल, त्या तुमच्याकडे माझे एवढेच मागणे आहे: हिच्या गळ्यात मला दागिनाच राहू द्या.

लिबोनची बोटे अजून फिरत आहेत.